भाकरीवरचा अंगठा

१

रात्रभर चुन्याच्या पाण्यात भिजलेला मका सकाळी धुवायचा, हे काम सुनेचं. सान क्रिस्पिन गावात नव्याने आलेल्या सुनेला दुसऱ्या दिवशी झोप लागली का म्हणून कोणी विचारत नाही. मका किती पाण्यांनी धुतलास, हे विचारतात. तीन, हे उत्तर बरोबर. दोन म्हटलं तर आळशी आणि चार म्हटलं तर माहेरची ऐट.

फेलीसा तीन पाण्यांनी धुवायची. लग्नाला चार महिने झाले होते. अंगणातल्या सिमेंटच्या टाक्याशी उभं राहायचं आणि दाणे दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायचे. चुन्याने मऊ पडलेली साल बोटांखाली सुटायची, पिवळट, बुळबुळीत, नखाएवढी, आणि पाण्यावर तरंगत राहायची. ती गाळणीने काढून कोंबड्यांना टाकायची. पाठीमागे फुएगो ज्वालामुखी दर पंधरा-वीस मिनिटांनी खडीचा ट्रक रिकामा केल्यासारखा आवाज काढायचा आणि टाक्यातलं पाणी थरथरायचं. मान वळवून त्याच्याकडे बघणं हे पर्यटकांचं काम.

धुतलेला मका गिरणीतून दळून आणायचा. मग सासूबाई, दोन्या ओतिलिया, तो पिठाचा गोळा पाट्यावर पुन्हा एकदा वाटायच्या आणि भाकऱ्या थापायच्या. थापायचं काम त्यांनी अजून सुनेकडे दिलं नव्हतं. अंगाने भरलेल्या, हसऱ्या, विधवा बाई. पन्नास वर्षं हात चुन्यात घालून त्यांच्या बोटांची टोकं सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी झाली होती, गुळगुळीत आणि चकचकीत. त्यांच्या ओळखपत्राची मुदत संपून सहा वर्षं झाली होती. नवं मिळत नव्हतं, कारण ऑफिसातल्या काचेवर अंगठा ठेवला की यंत्राला तिथे कोणी माणूस आहे असं वाटतच नसे. "मी उद्या कोणाचा गळा दाबला तर पोलिसांना काही सापडणार नाही," असं त्या प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या. पाहुणे हसायचे. फेलीसाही एव्हाना योग्य जागी हसायला शिकली होती.

त्या मंगळवारी तव्यावर फुगलेली भाकरी तिने उचलून पाटीत ठेवली तेव्हा काठाशी एक अंगठा उमटलेला दिसला. रेघांसकट. कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर असतात तशी वर्तुळं, एकात एक.

गिरणीतल्या चोनाबाईंचा असेल, असं तिने ठरवलं. मग आठवलं की गिरणीतून आलेला गोळा पाट्यावर पुन्हा वाटला जातो, त्यात कोणाचा ठसा टिकेल? आणि थापल्या होत्या सासूबाईंनी, त्या गुळगुळीत बोटांनी. तिने स्वतः तर पिठाला हातही लावला नव्हता.

भूक लागली होती. तिने ती भाकरी खाल्ली.

२

फेलीसाला ओळखपत्र हवं होतं ते गळा दाबण्यासाठी नव्हे, नोकरीसाठी. राजधानीतल्या एका शिवणकामाच्या कारखान्यात तिच्या मावसबहिणीने शब्द टाकला होता. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचं. हजेरी अंगठ्याने, आणि कागदपत्रं लग्नानंतरची. नवरा सेबेरिनो मिनीबस चालवायचा. त्याने कबूल केलं होतं की तुझं कार्ड हातात आलं की आपण राजधानीत खोली घेऊ, बस काय, तिथेही चालवता येते. त्याने हे लग्नाआधी एकदा आणि लग्नानंतर तीनदा सांगितलं होतं. प्रत्येक वेळी आवाज थोडा खाली गेला होता.

एस्क्विंतलाच्या ऑफिसात केसांना भरपूर जेल लावलेला एक पोरगेला कारकून होता. त्याने तिचा अंगठा काचेवर ठेवला, पुसला, पुन्हा ठेवला.

"चुना?" त्याने विचारलं.

"चुना."

"तुमच्या डोंगराकडच्या बायकांचं हेच. पण तुम्ही तर चार महिन्यांतच पार घासून टाकलात, सेन्योरा. हात जरा सैल दिसतोय चुन्याला."

ते खरं होतं. तिच्या माहेरचा मका टणक, त्याला मूठभर चुना जास्त लागतो. आल्या आल्या तिने सवयीने तेवढाच घातला होता आणि भाकऱ्या इतक्या पिवळ्याधमक झाल्या की शेजारणींनी तिचं नाव हळद ठेवलं. म्हणजे चूक तिचीच. चूक आपली आहे हे कळलं की माणसाला बरं वाटतं.

कारकुनाने सांगितलं, काळजीचं कारण नाही. अठराव्या वर्षी दिलेले तिचे ठसे यंत्रात होते, अगदी स्वच्छ, उजव्या अंगठ्यावरच्या तिरक्या वणासकट. नऊ वर्षांची असताना कोयता लागला होता, त्याचा वण. पंधरा दिवस चुन्याला शिवू नका, रोज तेल लावा, कातडी परत येते, जुळलं की कार्ड.

सासूबाईंनी ऐकलं आणि तिच्या हातातली पाटीच काढून घेतली. "पंधरा दिवस तू राणी. पाण्यात बोटसुद्धा घालायचं नाही. मका मी धुते, दळण मी आणते. तू फक्त खा, पोरी."

३

कामाशिवाय बसलेल्या माणसाला फार दिसतं.

फेलीसा ओट्यावर बसून बोटांना तेल चोळायची आणि सासूबाईंना मका धुताना बघायची. त्या फार सावकाश धुवायच्या. तिसरं पाणी झालं की चौथं, मग पाचवं. आणि सालं संपतच नसत. तेवढ्या मक्यातून ओंजळभर निघायला हवीत, इथे वाडगं भरायचं. रंगही बरोबर नव्हता. मक्याची साल पिवळट असते, ही फिकट होती, आतून किंचित गुलाबी, खूप वेळ अंघोळ केल्यावर तळपायाची निघते तशी. एक साल टाक्याच्या कडेला चिकटून राहिली होती. फेलीसाने वाकून पाहिलं तेव्हा तिच्यावर बारीक रेघा होत्या. मक्याच्या दाण्याला शिरा असतात का, याचा तिने बराच वेळ विचार केला. आयुष्यभर मका धुऊन हे तिला सांगता येईना.

कोंबड्या धावत आल्या, थांबल्या, माना वाकड्या करून त्यांनी एका डोळ्याने पाहिलं आणि निघून गेल्या. सान क्रिस्पिनच्या कोंबड्या साबणही खातात.

सासूबाईंनी वाडगं फेकलं नाही. त्यावर फडकं झाकून ते चुलीमागे ठेवलं. का ठेवता, असं तिने विचारलं तेव्हा, अन्न टाकू नये, एवढंच म्हणाल्या.

त्या दुपारी ताटातली भाकरी तोडताना तिला आतल्या बाजूचा ओलसर पापुद्रा दिसला, वर फुगलेल्या कातडीपासून सुटलेला. पोटातून काहीतरी वर चढलं आणि ती अंगणात धावली.

संध्याकाळपर्यंत गिरणीतल्या रांगेला बातमी होती. चोनाबाईंनी स्वतः येऊन तिच्या पोटावर हात फिरवला आणि मुलगी असेल तर ओकाऱ्या सकाळी, मुलगा असेल तर दुपारी, असं शास्त्र सांगितलं. फेलीसाने सांगून पाहिलं की असं काही नाही, तिची पाळी गेल्याच आठवड्यात येऊन गेली. चोनाबाईंनी तिच्याकडे मायेने पाहिलं. पहिल्या वेळी सगळ्याच असं म्हणतात, म्हणाल्या. सेबेरिनो बसमधून उतरला तो लहान मुलाचे मोजे घेऊनच. तिची किळस घरात इतकी गोड मानून घेतली गेली की तिला ती एकटीलाच सांभाळावी लागली.

४

सहाव्या दिवशी बोटं सुधारायला हवी होती. सहाव्या दिवशी तिला ब्लाउजचं बटण काजात जातंय की नाही हे बघून लावावं लागलं. बोटांना बटण सापडत नव्हतं.

तिने सुई काढली. लहानपणापासून ती डोळे मिटून सुईत दोरा ओवायची. माहेरी पाहुणे आले की आई तिच्याकडून करून दाखवायची. आता दोरा चिमटीत आहे की नाही हेच कळेना. चिमटीत धरलेलं सगळं सारखंच वाटत होतं, म्हणजे काहीच वाटत नव्हतं. कारखान्यात अंगठा एकदाच लावायचा, शिवायचं दिवसभर. तिने सुई ठेवून दिली आणि तेलाची बाटली रिकामी होईपर्यंत बोटं चोळली.

जेवणाच्या वेळी पाटीतल्या सगळ्यात वरच्या भाकरीवर अंगठा होता. आता तो चोरून उमटल्यासारखा नव्हता, मधोमध होता, छापलेला. वर्तुळं, वर्तुळांत वर्तुळं, आणि त्यांना छेदून जाणारी तिरकी रेघ.

तिने आपला अंगठा शेजारी धरला. तो स्वच्छ होता. वणसुद्धा नव्हता.

मांजराचं नख लागलं असेल, तव्याला चीर असेल, असं ती मनाशी म्हणत राहिली. तवा तपासला. चीर नव्हती. मग तिने ती भाकरी दोन्ही हातांनी धरून नवऱ्यासमोर नेली आणि हे काय दिसतंय ते सांग म्हणाली.

सेबेरिनो दिवसभर बस चालवून आला होता. "भाकरी दिसतेय," तो म्हणाला. तिच्या हातून घेतली, घेवड्याची उसळ भरली, दुमडली आणि तीन घासांत संपवली. "आईच्या हाताला काय चव आलीय हल्ली," चावता चावता म्हणाला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात एक पांढरा पापुद्रा चिकटला होता. त्याने तो जिभेने आत ओढला.

रात्री तो तिच्याकडे वळला तेव्हा तिने, ओकारी येतेय, असं सांगितलं. ते अगदी खरं होतं. तो मोज्यांकडे बघून हसला आणि झोपला.

५

तिने घरचं खाणं बंद केलं. दुकानातून पुड्यातली बिस्किटं आणायची आणि केळी. केळं चांगलं, कारण ते आपल्या सालीत येतं आणि साल आपण स्वतः काढतो. पण मग तीही काढताना बोटांखाली काही लागेना आणि तिने केळ्यांकडे पाहणं सोडलं.

दोन्या ओतिलिया रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मक्याची पेज करून आणायच्या, काठोकाठ वाटी, आणि तिच्या शेजारी बसायच्या. पेजेवर साय धरलेली असायची. ती साय त्या बोटाने बाजूला करून द्यायच्या, मग ते बोट चोखायच्या. जवळून त्यांच्या हाताला ओल्या चुन्याचा आणि खालून दुसरा एक वास यायचा, बाळाच्या मानेच्या वळीत दूध साचून येतो तसा.

"मी आले तेव्हा माझंही असंच झालं होतं," त्या एकदा म्हणाल्या. "माझ्या सासूचं ताट बघवत नसे मला. महिनाभर कच्चे पेरू खाल्ले."

"मग?"

"मग काय. जाते ती ओकारी. तोपर्यंत जीव नको होतो एवढंच." त्यांनी तिचा हात हातात घेऊन थोपटला. फेलीसाला तो थोपटलेला दिसला. आणि दिसलं की सासूबाईंची बोटं आता चकचकीत नव्हती. टोकं किंचित खरबरीत झाली होती, नव्या कागदासारखी.

म्हातारपणी कातडी बदलत असेल. साप टाकतो, माणूस का नाही? असलं काहीतरी तिने त्या रात्री स्वतःला सांगितलं, आणि सापाची आठवण काढल्याबद्दल स्वतःवरच चिडली. कार्डाला तीन दिवस उरले होते. कार्ड मिळालं की खोली. खोलीत आपला तवा, आपलं पीठ. तेही नको. पाव खाऊ, जन्मभर पाव खाऊ.

६

चौदाव्या दिवशी दुपारी फुएगोने राख टाकली. फार नाही, बोटभर. पण राखेवर पाऊस पडला तर पत्रे वाकतात, म्हणून सगळं गाव झाडू घेऊन छपरांवर चढलं. छपरावरून छपरावर टोमणे चालले होते. कोणीतरी ओरडून विचारलं, हळदीला या दिवसांत वर कशाला चढवलं? चोनाबाईंनी परस्पर उत्तर दिलं, तिचं पोट दिसायला अजून वेळ आहे.

फेलीसा झाडत झाडत स्वयंपाकघराच्या बाजूला आली. तिथे दोन पत्र्यांच्या मध्ये हाताएवढी फट होती. राख आत पडू नये म्हणून ती वाकली.

खाली चुलीपाशी दोन्या ओतिलिया बसक्या स्टुलावर बसल्या होत्या, पाठ तिच्याकडे. मांडीवर वाडगं. त्यांनी वाडग्यातून नखाने एक साल उचलली आणि जिभेवर ठेवली. तोंड मिटलं. चर्चमध्ये प्रसादाची पोळी घेतल्यावर बसतात तशा त्या मान खाली घालून थोडा वेळ बसल्या, न चावता. मग साल बाहेर काढली. अंगठ्याच्या टोकावर ठेवली. ओठांनी दाबून दाबून सगळीकडून बसवली, सुरकुती राहू नये म्हणून कडेने जीभ फिरवली. त्या चाटण्याचा आवाज छपरापर्यंत येत होता, मांजर दूध पिताना येतो तसा, एका लयीत. अंगठा दाराकडच्या उजेडात धरला. फुंकर घातली. मग दुसरी साल, दुसरं बोट.

भाजलं असेल, फेलीसा मनाशी म्हणाली. जुना काहीतरी उपाय असेल.

"पोरी, त्या कोपऱ्यातली राख राहिली बघ," सासूबाई म्हणाल्या. मान वर न करता.

तिने कोपरा झाडला. मग पत्र्यावरच ओकली. पोटात बिस्किटं होती तेवढी आली आणि राखेने ती लगेच पिऊन टाकली. खाली काही दिसायला नको म्हणून तिने तेही झाडून काढलं.

७

सेबेरिनोने दोघींना बसने एस्क्विंतलाला सोडलं. आईही बघते म्हणाली कार्डाचं, एकदा प्रयत्न करायला काय जातं, असं त्याने सांगितलं. मग रस्त्याकडे बघत, बसच्या मालकाला अजून काही बोललो नाही, तुझं काय होतंय ते आधी बघू, असंही सांगितलं.

जेलवाल्या कारकुनाने फेलीसाला ओळखलं. तिने एकेक करून दहाही बोटं काचेवर ठेवली. त्याने काच पुसली, तिची बोटं पुसली, शेवटी स्वतःचं बोट ठेवून यंत्र चालू आहे याची खात्री केली. यंत्र चालू होतं.

"पंधरा दिवस चुन्यात हात घातले नाहीत? खरं सांगा."

"नाही घातले."

त्याने खांदे उडवले आणि सासूबाईंना पुढे बोलावलं. त्या अंगठा ठेवताना संकोचल्या, नव्या चपला घालून फरशीवर पाय ठेवावा तशा. यंत्राने लगेच बारीक आवाज केला. कारकुनाने पडद्याकडे पाहिलं, दोन्या ओतिलियांकडे पाहिलं, मग फेलीसाकडे. पुन्हा एकदा ठेवा म्हणाला. पुन्हा तोच आवाज. तेव्हा त्याने हसत पडदा वळवून दोघींना दाखवला. "राख गेलीय बहुतेक मशीनमध्ये. हे बघा."

पडद्यावर अठरा वर्षांची फेलीसा होती. कपाळावर कापलेले केस, फोटोसाठी आईने चढवलेले कानातले.

"काय गोड दिसतेस गं," सासूबाई म्हणाल्या. आणि अंगठा काचेवरून काढायला विसरल्या.

कारकुनाने दोघींच्या अर्जांवर काहीतरी खरडलं आणि पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं. एक तारीख चार दिवसांवर होती. फेलीसाने ते त्याला सांगितलं. शांतपणे, कारखान्याच्या नावासकट सांगितलं. तो माझ्या हातात काय आहे, म्हणाला, आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर चिंचेच्या झाडाखाली बाक होता. सेबेरिनोची बस परत यायला तास होता. सासूबाईंनी मांडीवर फडकं सोडलं. भाकऱ्या अजून गरम होत्या, वाफेने फडकं ओलं झालं होतं. त्यांनी वरची उचलली आणि पुढे केली.

फेलीसाने घेतली. गरम की गार, मऊ की खरबरीत, बोटांनी काहीच कळवलं नाही. मधोमध वर्तुळं होती, तिरकी रेघ होती. कडेला एक पापुद्रा सुटून वाऱ्यावर हलत होता. तिने ते सगळं नीट पाहिलं आणि पोटातून वर चढणाऱ्या त्या गोष्टीची वाट पाहू लागली. ती यायलाच हवी होती. गेल्या पंधरवड्यात तेवढं एकच तिचं स्वतःचं म्हणून उरलं होतं. ती थांबली. पापुद्र्याकडे टक लावून पाहिलं, मुद्दाम छपराच्या फटीतलं ते चाटणं आठवलं, सेबेरिनोच्या ओठाचा कोपरा आठवला.

काही आलं नाही. फक्त भूक होती.

पहिला घास तिने चावला, दुसरा चावला नाही. अर्धी भाकरी गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं की सासूबाई आपल्याकडे बघताहेत, स्वतः काही न खाता, आईने बघावं तशा. चव खरंच चांगली होती. जरा अळणी.

"मीठ आणलंय का, आई?" तिने विचारलं.